ग्रह बघायला सुरुवात करताय? आधी गच्चीची किल्ली मिळवा

२०१५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीत भाचरं आली होती, रात्री गच्चीवर गादी टाकली होती आणि मी मामाच्या अधिकाराने दक्षिण-पूर्वेकडच्या एका तांबूस ठिपक्याकडे बोट दाखवून सांगून टाकलं, "तो बघा मंगळ!" पोरं खूश. दोन दिवसांनी शेजारचे काका शतपावली करायला वर आले, माझं प्रवचन ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "अरे, मंगळ सध्या अस्तंगत आहे. सूर्याबरोबरच मावळतो. तू दाखवतोयस ती ज्येष्ठा." मग त्यांनी हात लांब करून मूठ धरली आणि ज्येष्ठेपासून साधारण मूठभर वर असलेला पिवळट, स्थिर ठिपका दाखवला. "आणि तो शनी. तो नाही दाखवलास?"

तो मी खरंच दाखवला नव्हता. मला तो साधा तारा वाटला होता. काकांनी हे सगळं कुठल्या अ‍ॅपवर पाहिलं नव्हतं, घरातल्या पंचांगात पाहिलं होतं. मंगळ वृषभेत, सूर्यही वृषभेत, म्हणजे मंगळ दिसायचा नाही. शनी वृश्चिकेत, म्हणजे सूर्याच्या समोर, म्हणजे रात्रभर दिसणार. एवढंच गणित.

त्यानंतरच्या वर्षांत मी बऱ्याच चुका केल्या आणि एक दुर्बीणही वाया घालवली. त्या तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहितोय. यात फलज्योतिष नाही. आकाशात खरोखर दिसणारे ठिपके आहेत.

१. सामान जमवा (बहुतेक घरात असतंच)

- गच्चीची किल्ली. शहरात सगळ्यात अवघड वस्तू हीच. सेक्रेटरींना "ग्रह बघायचेत" असं सांगितलं की ते संशयाने बघतात. "मुलांना आकाशदर्शन दाखवायचंय" म्हणा, लगेच मिळते.
- चालू वर्षाचं पंचांग. भिंतीवरची दिनदर्शिका नाही, पंचांगाचं पुस्तक.
- फोनवर आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप. स्टेलेरियम चांगलं आहे आणि संगणकावर ते फुकट मिळतं.
- टॉर्च, आणि तिच्या काचेवर रबरबँडने लावायला लाल जिलेटिन कागद. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि अंधाराला सरावायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटं जातात.
- वही, पेन्सिल, चटई, डासांचं मलम. मलम विसरलात तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

दुर्बीण या यादीत नाही, मुद्दामच. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

आणखी एक दिलासा. ग्रह बघायला अंधारं गाव लागत नाही. मुंबईची मंडळी आकाशदर्शनासाठी वांगणीला जातात ते आकाशगंगा, तारकागुच्छ असल्या फिकट गोष्टींसाठी. शुक्र, गुरू, मंगळ आणि शनी दादरच्या गच्चीतून, पुण्यात पेठेतल्या वाड्याच्या अंगणातून, अगदी रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवरूनही दिसतात. पौर्णिमेचा चंद्रही त्यांना झाकत नाही. अडथळा असतो तो इमारतींचा आणि ढगांचा. त्यामुळे आपल्याकडे जून ते सप्टेंबर फारशी अपेक्षा ठेवू नका. ऑक्टोबरअखेर ते मार्च हा खरा हंगाम. पण पावसाळ्यात एखादी रात्र उघडीप मिळाली तर मात्र सोडू नका. धूळ धुऊन गेलेलं तेव्हाचं आकाश मे महिन्यातल्या धुरकट आकाशापेक्षा कितीतरी स्वच्छ असतं.

२. ग्रहांचा रस्ता ओळखा

नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारे ग्रह पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. आठवड्याच्या वारांत सूर्य-चंद्राबरोबर बसलेले हेच ते पाच. युरेनस अगदी काळोख्या आकाशात तीक्ष्ण नजरेला जेमतेम दिसतो, नेपच्यूनला दुर्बीणच लागते. ते दोन्ही आज विसरा.

हे पाचही जण आकाशात वाटेल तिथे भटकत नाहीत. सूर्य वर्षभर ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकतो त्या वाटेच्या, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या, आसपासच ते असतात. मेष ते मीन या बारा राशी याच वाटेवर आहेत. म्हणून सप्तर्षींजवळ किंवा ध्रुवाजवळ काही चमकदार दिसलं तर तो ग्रह नाही, पैज लावा.

ही वाट डोळ्यात बसवायची सोपी युक्ती म्हणजे चंद्र. तो या वाटेपासून फार तर पाच अंश बाजूला जातो. हात पुढे ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते आणि करंगळीचं बोट एक अंश. म्हणजे चंद्र कधीच अर्ध्या मुठीपेक्षा जास्त आडवाटेला जात नाही. सलग आठ-दहा संध्याकाळी एकाच वेळी चंद्र कुठे आहे ते बघा. रोज तो सव्वा मूठ पूर्वेकडे सरकलेला असेल. त्या जागा मनात जोडल्या की रस्ता मिळाला. महाराष्ट्रातून हा रस्ता बराचसा डोक्यावरून जातो, त्यामुळे युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याला ग्रह जास्त उंचावर आणि जास्त स्वच्छ दिसतात. एवढी सोय असूनही आपण वर बघत नाही, हे वेगळं.

महिन्याभरात चंद्र प्रत्येक ग्रहाच्या शेजारून एकदा तरी जातोच. नवख्या माणसाला याच्याइतका चांगला वाटाड्या नाही. पंचांगात रोजची चंद्ररास दिलेली असते. शनी मीनेत असेल तर चंद्र मीनेत येईल त्या रात्री बाहेर या. चंद्राजवळ जो ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसेल तो बहुधा शनीच.

३. तारा की ग्रह?

तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे शाळेत शिकलोय आपण. कारण सोपं आहे. तारा इतका दूर असतो की त्याचा प्रकाश एका बिंदूतून येतो आणि हवेच्या थरांतल्या हालचालीने तो थरथरतो. ग्रह जवळ असल्यामुळे त्याची इवलीशी का होईना, चकती असते. चकतीच्या एका भागाचा प्रकाश हलला तरी दुसऱ्या भागाचा सावरून घेतो.

पण हा नियम आंधळेपणाने वापरू नका. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, तिथे ग्रहसुद्धा लुकलुकतो. उगवता शुक्र तर कधीकधी लाल-हिरवा चमकतो आणि लोक त्याला ड्रोन समजतात. याच्या उलट फसवणूक व्याधाची. थंडीत मृगाखाली दिसणारा हा सर्वांत तेजस्वी तारा सगळे रंग उधळत लुकलुकतो, आणि दर हिवाळ्यात कोणीतरी मला फोटो पाठवून विचारतंच, "हा गुरू ना?"

त्यापेक्षा पक्की रीत म्हणजे रस्त्यावरचे पाच मुक्कामी तारे पाठ करणं. ग्रहांच्या वाटेवर खरोखर ठळक अशा तारका थोड्याच आहेत: वृषभेतली तांबूस रोहिणी, मिथुनेतली पुनर्वसूची जोडी, सिंहेतली मघा, कन्येतली चित्रा आणि वृश्चिकेतली तांबडी ज्येष्ठा. या वाटेवर यांच्याव्यतिरिक्त काही ठळक दिसलं तर तो पाहुणा, म्हणजे ग्रह.

रोहिणी आणि ज्येष्ठा या दोघींची मंगळाशी गल्लत होते. यात लाज वाटायचं कारण नाही. ज्येष्ठेचं पाश्चात्त्य नाव अँटारेस, त्याचा अर्थच मुळी "मंगळाचा प्रतिस्पर्धी" असा आहे. ग्रीकांचीही फसगत होत असणार.

४. पंचांग उघडा (हा टप्पा सोडू नका)

पंचांगात प्रत्येक पंधरवड्याच्या पानावर एक कुंडली असते. लग्न जुळवणाऱ्यांसाठी ती काहीही असो, आपल्यासाठी तो आकाशाचा नकाशा आहे. घरांतले आकडे राशींचे: १ मेष, २ वृषभ, असं करत १२ मीन. अक्षरं ग्रहांची: र म्हणजे रवी, मं मंगळ, बु बुध, गु गुरू, शु शुक्र, श शनी. रा आणि के शोधत बसू नका. राहू-केतू हे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू आहेत. तिथे बघण्यासारखं काही नाही.

आता र ज्या राशीत आहे ती पहिली धरा आणि राशींच्या क्रमाने ग्रहापर्यंत मोजा.

पहिल्याच राशीत, म्हणजे सूर्यासोबत, ग्रह असेल तर तो बहुधा दिसत नाही. दुसरी ते सहावी आली तर तो संध्याकाळी, सूर्यास्तानंतर दिसेल. दुसरी असेल तर पश्चिमेला खाली, साधारण दोन तासांत मावळणारा. चौथी असेल तर अंधार पडताना उंच, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. सातवी म्हणजे सूर्याच्या बरोब्बर समोर. सूर्य मावळला की हा उगवतो आणि रात्रभर दिसतो. आठवी ते बारावी आली तर तो उशिरा उगवणारा: आठवीतला रात्री आठ-नऊला, दहावीतला मध्यरात्री, बारावीतला पहाटे सूर्याच्या दोनेक तास आधी. एक रास म्हणजे दोन तास, हे सूत्र धरून चाला. थोडं पुढेमागे होतं, कारण ग्रह राशीच्या सुरुवातीला आहे की शेवटी हे यात धरलेलं नाही, पण गच्चीवर किती वाजता जायचं ते ठरवायला एवढं पुरतं.

पंचांगातले तीन शब्द आपल्या फार कामाचे आहेत.

अस्त, म्हणजे ग्रह सूर्याच्या इतका जवळ की उजेडात हरवला. गुरू-शुक्राच्या अस्तात लग्नाचे मुहूर्त नसतात हे तुम्हाला माहीत असेल. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे, तेवढे दिवस तो ग्रह दिसणार नाही. शुक्राचे अस्त दोन प्रकारचे. तो सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा दीड-दोन महिने गायब असतो, अलीकडून जातो तेव्हा जेमतेम आठ-दहा दिवस.

उदय किंवा दर्शन, म्हणजे तो पुन्हा दिसू लागला. पूर्वेस उदय लिहिलं असेल तर पहाटे उठा, पश्चिमेस असेल तर संध्याकाळी बघा.

आणि वक्री. हा शब्द ऐकला की अर्धं घर चिंतेत पडतं. पण मंगळ, गुरू आणि शनी वक्री असतात तेव्हाच पृथ्वी त्यांच्या आणि सूर्याच्या मधून पुढे निघून जात असते. म्हणजे तेव्हा ते आपल्याला सर्वांत जवळ, सर्वांत तेजस्वी आणि जवळजवळ रात्रभर दिसणारे असतात. आपली गाडी पुढे जाताना शेजारच्या रुळावरची हळू गाडी मागे सरकल्यासारखी वाटते, तसंच हे. शनी वक्री झाल्याचं कळलं की लोक मारुतीला तेल घालायला जातात, मी गच्ची झाडून ठेवतो.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो. पंचांगातल्या राशी निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेल्या असतात. इंटरनेटवरच्या पाश्चात्त्य ज्योतिषाच्या पानांवर सायन, म्हणजे ऋतूंना धरून मोजलेल्या, राशी असतात आणि दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे. त्यामुळे त्या पानावर ग्रह बहुतेक वेळा एक रास पुढे दिसतो. आकाशात शोधायचा असेल तर पंचांगावर विश्वास ठेवा.

५. मग अ‍ॅपवर खात्री करा

अ‍ॅप आधी उघडलंत तर तुम्ही आकाशाऐवजी फोनकडेच बघत बसाल. म्हणून आधी पंचांगावरून अंदाज बांधा, आकाशात शोधा, आणि मगच फोन काढा. फोनचं लोकेशन चालू आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, हे बघा. होकायंत्र बिघडलेलं असेल तर अ‍ॅप आत्मविश्वासाने चुकीचा ग्रह दाखवतं. गच्चीवरची लोखंडी टाकी, पत्र्याची शेड, खाली उभी गाडी यांच्याजवळ तर हमखास. दोन पावलं बाजूला जा, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा फोन फिरवा. मग चंद्रावर धरून बघा. चंद्र जुळला की बाकीचे जुळतात. पडदा लाल करायची सोय असते, ती चालू ठेवा.

६. प्रत्येकाचा स्वभाव

शुक्र. सूर्य-चंद्रानंतर आकाशातली सर्वांत तेजस्वी गोष्ट. शुक्राची चांदणी म्हणतात ती हीच, जरी ती चांदणी नसली तरी. तो सूर्यापासून ४७ अंशांहून जास्त, म्हणजे पावणेपाच मुठींपलीकडे, कधीच जात नाही. म्हणून तो एकतर संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर काही लखलखत असेल तर तो शुक्र नव्हे, गुरू असेल. याचं वेळापत्रक आठ वर्षांनी जवळपास जसंच्या तसं परत येतं. आज दिसतोय तसाच तो आठ वर्षांनी याच तारखांच्या आसपास दिसेल. मुलीच्या जन्माच्या आठवड्यातला शुक्र तिच्या आठव्या वाढदिवसाला पुन्हा दाखवता येतो.

गुरू. शुक्रानंतरचा मान याचा. पांढरट, ठाम, अजिबात न डगमगणारा. बारा वर्षांत एक फेरी, म्हणजे साधारण दर वर्षी एक रास. तो सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ, कन्येत आला की नृसिंहवाडीला कन्यागत. मेळ्याच्या गर्दीत लाखो लोक असतात, पण ज्याच्यामुळे मेळा भरला त्याच्याकडे मान वर करून बघणारे किती, देव जाणे. मेळ्याला जाणार असाल तर गोदेच्या घाटावरून सिंहेतला गुरू एकदा शोधाच.

शनी. पिवळसर, शांत, ठळक ताऱ्याएवढा. एका राशीत अडीच वर्षं, म्हणून तीन राशींची साडेसाती. एकदा सापडला की वर्षानुवर्षं त्याच भागात असतो, दरवर्षी फक्त तेरा-चौदा दिवस उशिरा त्याच स्थितीत येतो. नवख्यांसाठी हा सर्वांत भरवशाचा ग्रह. त्याची बदनामी मला कधीच पटली नाही.

मंगळ. लहरी. सव्वादोन-अडीच महिने एकदम झगमगतो आणि पुढची दीड-पावणेदोन वर्षं साध्या तांबूस ताऱ्यासारखा दिसतो. पृथ्वीशी त्याची गाठ दर २६ महिन्यांनी पडते, आणि दर गाठीचं अंतर सारखं नसतं. ऑगस्ट २००३ मध्ये तो ५.६ कोटी किलोमीटरपेक्षाही जवळ आला होता. त्या वेळचा एक संदेश विपर्यास होऊन अजून दर ऑगस्टला फिरतो: "येत्या २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार, पुन्हा असा योग नाही." मंगळ नुसत्या डोळ्यांना चंद्राएवढा कधीच दिसत नाही. मावशींनी पाठवला तर प्रेमाने सांगा आणि त्याऐवजी खरी तारीख पाठवा.

बुध. हा पकडणं म्हणजे लोकलमध्ये खिडकी पकडण्यासारखं, दोन-चार मिनिटांचा खेळ. सूर्यापासून फार तर २८ अंश दूर, त्यामुळे संधिप्रकाशातच दिसतो. क्षितिज मोकळं हवं. कोकण किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्रावर किंवा सह्याद्रीच्या एखाद्या माथ्यावर पहाटे, याच जागा चांगल्या. त्याच्या सूर्यापासूनच्या सर्वांत लांबच्या तारखेच्या आसपासचे आठ-दहा दिवस धरा. संध्याकाळच्या दर्शनासाठी फेब्रुवारी-मार्च आणि पहाटेच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचे, कारण तेव्हा क्रांतिवृत्त क्षितिजाशी जास्त उभं असतं.

७. वहीत लिहून ठेवायच्या तारखा

सगळं तत्त्व ऐकून कंटाळला असाल तर थेट या तारखा घ्या.

४ ऑक्टोबर २०२६ ला शनी सूर्यासमोर, मीनेत. परतीच्या पावसाने घोळ घातला तर काळजी नको, पुढचे दोन-तीन महिने तो संध्याकाळी छान दिसेल. त्या भागात ठळक तारे नाहीतच. भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा, त्याच्या दक्षिण-पूर्वेला एकटा बसलेला तो शनी. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत असाल तेव्हा चंद्राच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर बघा.

२४ ऑक्टोबर २०२६ ला शुक्र सूर्य आणि पृथ्वीच्या मधून जातो. तेव्हा तो दिसणार नाही, पण दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी उठाल तेव्हा उजाडण्यापूर्वी पूर्वेला खाली लखलखत असेल. त्यानंतर रोज उंच चढत जाऊन ३ जानेवारी २०२७ ला सूर्यापासून सर्वांत दूर.

आता सगळ्यात महत्त्वाची तारीख, २० नोव्हेंबर २०२६ आणि तिच्या आसपासचे चार-पाच दिवस. कार्तिकी एकादशीचा सुमार. त्या एका रात्रीत पाचही ग्रह बघता येतील. संध्याकाळी शनी बघून झोपा. पहाटे साडेपाचला उठा. उंचावर मघेच्या आसपास गुरू आणि मंगळ एकमेकांना बिलगून असतील, पूर्वेला शुक्र आणि त्याच्याजवळच चित्रा, आणि अगदी खाली, उजाडायच्या आत, बुध. बुधाची ही पहाटेची सर्वांत लांबची तारीख आहे. थंडी असते, स्वेटर घाला.

मग फेब्रुवारी २०२७. ३ तारखेच्या आसपास संध्याकाळी पश्चिमेला बुध. ११ च्या आसपास गुरू सूर्यासमोर. पंचांगात तेव्हा सूर्य मकरेत आणि वक्री गुरू कर्केत दिसेल, मोजून बघा, बरोबर सातवी रास. १९ तारखेला मंगळ सूर्यासमोर, मघेच्या अगदी शेजारी. या वेळी तो दहा कोटी किलोमीटरवर असेल, म्हणजे २००३ च्या जवळजवळ दुप्पट लांब, तरी मघेपेक्षा कितीतरी ठळक. तांबडा मंगळ, निळसर-पांढरी मघा आणि त्यांच्याजवळ सर्वांत तेजस्वी गुरू, असं त्रिकूट रात्रभर दिसेल. हे चुकवू नका.

"सहा ग्रह एका रांगेत, दुर्मीळ योग" अशा बातम्या येतील. ग्रह नेहमीच एका रांगेत असतात, कारण रस्ता एकच आहे. एका वेळी किती जण क्षितिजाच्या वर आहेत एवढाच प्रश्न असतो.

८. दुर्बीण, घ्यायचीच असेल तर

मी पहिली दुर्बीण ऑनलाइन घेतली. खोक्यावर "५२५ पट" लिहिलेलं होतं आणि शनीचा झकास रंगीत फोटो. प्रत्यक्षात तिचं तिकाटणं इतकं हलायचं की श्वास घेतला तरी शनी चौकटीबाहेर. नंतर कळलं की चांगल्यात चांगल्या हवेतसुद्धा भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे मोठं करून काही हाती लागत नाही. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट ही हद्द. पाचशेचा आकडा दिसला की दुकान बदला.

सुरुवातीला १० × ५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री घ्या. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा, नाहीतर हात थरथरतात. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले ते हेच. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, त्यामुळे उद्या त्यांची मांडणी बदललेली असेल. सलग चार रात्री वहीत काढा, मजा येते. शनीची कडी द्विनेत्रीतून दिसत नाहीत, त्यासाठी पंचवीस-तीस पट तरी लागतं. मार्च २०२५ मध्ये कड्यांची धार आपल्या दिशेला होती, आता ती हळूहळू उघडत जातील, तेव्हा दरवर्षी चित्र सुधारतच जाणार.

मोठी दुर्बीण घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ १९८५ पासून. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला एक रात्र गेलात की काय घ्यायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं.

आणि हे ठळक अक्षरांत: सूर्य क्षितिजावर असेपर्यंत द्विनेत्री किंवा दुर्बीण त्या बाजूला फिरवू नका. बुध-शुक्र शोधताना हा धोका खरा असतो. संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्यावरच सुरुवात करा, पहाटे तो उगवायच्या आधीच थांबा. स्वस्त दुर्बिणीसोबत नेत्रभिंगावर बसवायची काळी "सूर्यकाच" येते. ती उष्णतेने तडकते आणि डोळा कायमचा जातो. घरात असेल तर आजच फेकून द्या.

९. वही ठेवा

तारीख, वेळ, कुठला ग्रह, जवळचा तारा कुठला आणि मुठींत किती अंतरावर. एवढंच. ढग आले तर "ढग" लिहा. नोव्हेंबर २०२६ पासून दर शनिवारी मंगळ मघेपासून किती लांब आहे ते टिपत राहा. १० जानेवारीपर्यंत तो पूर्वेकडे जाईल, मग थबकेल, उलटा फिरेल, १ एप्रिलला पुन्हा थबकून सरळ होईल. पंचांगातला "वक्री" आणि "मार्गी" तुमच्या स्वतःच्या अक्षरात कागदावर उमटलेला असेल.

आणि खाली उतरताना गच्चीची किल्ली रात्रीच परत करा. सकाळी टाकी बघायला वॉचमनला लागते. एकदा माझ्या खिशात राहिली होती, तर तीन महिने मिळाली नव्हती.